दसऱ्याला धुतलेलं स्टेअरिंग

चावी थर्माकोलची होती. हातभर लांब, वरून सोनेरी कागद चिकटवलेली. मी ती दोन्ही हातांनी पुढे धरली होती आणि आमच्या गावच्या पाटलानं ती घेतली नाही.

त्यानं आधी चावीकडे बघितलं. मग माझ्या खाकी ड्रेसकडे. मग तोंडाकडे. फोटोसाठी आणलेलं हसू गेलं.

"डफडेवाल्याची पोरगी न व तू? मांगवाड्यातली?"

मी म्हटलं, "हो."

"ह्या ट्रॅक्टरले तू हात लावला?"

मी काही बोलायच्या आत आमचे सर्व्हिस मॅनेजर पुढे झाले. ते तेलुगू माणूस. शब्द कळले, पण पाटील कशासाठी विचारून राहिला, ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते खुशीत सांगू लागले, "पूरा इसीच ने तय्यार करा, पटेल. हमारी लेडी मेकॅनिक है. फर्स्ट क्लास लडकी."

पाटलानं मुलाकडे मान वळवली. "पाइप आन. हांडल धुऊन घे. शीटबी धू."

दसऱ्याचा दिवस होता. आदिलाबादजवळच्या मावल्याच्या रस्त्यावरचं ते ट्रॅक्टरचं शोरूम झेंडूच्या माळांनी भरलेलं. आम्ही सगळ्यांनी सकाळीच हत्यारांची पूजा केली होती. पाने, जॅक, ग्रीसगन, सगळं ओळीनं मांडून हळदकुंकू लावलं होतं. त्या ओळीत माझा पानाही होता. पूजेनंतर एकमेकांना जम्मीची, म्हणजे शमीची, पानं दिली, गळाभेटी झाल्या. आणि त्याच अंगणात आता पाटलाचा मुलगा गाड्या धुवायचा पाइप ओढत येत होता. सकाळी मीच धुतलेला, मीच पुसलेला, मीच ऑइल तपासून, नट आवळून, चालवून बघितलेला ट्रॅक्टर परत धुवायला.

माझ्या पान्याला कुंकू आणि माझ्या हाताला पाइप.

आता नीट ऐका, त्या वेळी मी काय बोलले ते. मी म्हटलं, "दादा, डॅशबोर्डावर पानी नोका मारू. खाली फ्यूज बॉक्स हाय."

माझा अपमान चालला होता आणि मी फ्यूज बॉक्सची काळजी करत होते. या गोष्टीचा राग मला अजून येतो. पाटलावर येतो तो वेगळा. हा माझा माझ्यावरचा.

पाटील म्हणाला, "आता तू शिकवशीन काय आमाले?"

पाइपाला चांगला जोर होता. स्टेअरिंग, सीट, लिव्हर, मीटर, चावीचं भोक. मुलानं काही सोडलं नाही. मग पाटलीणबाईनं पिशवीतून बाटली काढली आणि गोमूत्र शिंपडलं. शोरूममधली माणसं उभी होती. कोणी माळ नीट करत होतं, कोणी मोबाईल बघत होतं. खाली बघायला प्रत्येकाला काहीतरी सापडलं.

मी चावी धरून उभी. कागद भिजून त्याचा सोनेरी रंग माझ्या बोटांना लागला होता.

हा ट्रॅक्टर माझ्यापर्यंत कसा आला, त्याआधी मी ट्रॅक्टरपर्यंत कशी गेले ते सांगते.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा, आणि मांगवाडा दोन्हीकडे गावाबाहेरच. लहानपणी कापूस वेचायला पाटलाच्याच जुन्या ट्रॅक्टरनं नेत. आमच्या बाया-पोरी मागे ट्रॉलीत. पाटलाच्या घरचं किंवा नात्यातलं कोणी असलं तर ते पुढे, मोठ्या चाकावरच्या मडगार्डवर, ड्रायव्हरच्या शेजारी. एकदा परत येताना ट्रॉली कापसानं गच्च भरलेली. बाया वर चढून बसल्या. मला जागा राहिली नाही म्हणून मी मडगार्डवर चढले. ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. त्यानं फक्त ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालू, गाडी उभी. मी उतरत नाही तोवर तो पुढे बघत राहिला. वरून आई म्हणाली, "उतर व माय." मी उतरले आणि घरापर्यंत चालत गेले.

पण जेवढा वेळ वर बसले तेवढ्यात मी सगळं बघून घेतलं होतं. पायाखालचा क्लच, दोन ब्रेक, गिअरचा थरथरणारा दांडा. ज्याच्या हातात ते असतं तो कोणालाही उतरवू शकतो, एवढं मला त्या दिवशी कळलं. मला ते हातात पाहिजे होतं. दहावीनंतर पोरी टेलरिंगला, नर्सिंगला गेल्या. मी आदिलाबादला पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईलला नाव घातलं. वाड्यात हसले. माझे बाबा हसले नाहीत. ते डफडं वाजवतात, लग्नात, पोळ्याला, दसऱ्याला, मयतीला. ते म्हणाले, "शिक. आपल्या घरात आवाज काढनारी वस्तू एकच हाय. दुसरी येऊ दे."

कॉलेजात पुस्तक इंग्रजीत, सरांचं शिकवणं तेलुगूत आणि समजून घ्यायचं ते मराठीत. पहिलं वर्ष असंच ठेचकाळत गेलं. पण वर्कशॉपमध्ये गेलं की भाषा लागत नसे. इंजिन उघडायचं, भाग मांडायचे, परत बसवायचे. बाहेर आलं की सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे. रेड्डींचा मुलगा असो, शेटजींचा असो की मी, ते हात आम्ही केरोसिनच्या एकाच डब्यात बुडवून धूत असू. एकाच डब्यात! आमच्या गावात देवळाजवळचा नळ वेगळा होता, चहाचा कप वेगळा होता, आणि इथं माझ्या हाताचं काळं पाणी दुसऱ्याच्या हाताला लागत होतं आणि तो मला विचारत होता, साबण हाय का.

मला वाटलं, संपलं. मशीनला जात कळत नाही आणि मशीनवाल्यांनाही कळत नसणार. मी त्या डब्यावर विश्वास ठेवला.

शेवटच्या वर्षाला सहा महिने बाहेर ट्रेनिंग करावं लागतं. त्याचं सर्टिफिकेट आलं नाही तर डिप्लोमा अडतो. मला मावल्याचं शोरूम मिळालं. मी मन लावून काम केलं. दसऱ्याला डिलिव्हरी पुष्कळ. मॅनेजर म्हणाले, आपल्याकडे मुलगी मेकॅनिक आहे हे गिऱ्हाइकांना दिसू दे. चावी तूच दे, फोटो चांगला येईल. कोणता ट्रॅक्टर कोणाचा, हे मला नारळ आणायला गेल्यावर कळलं. कळल्यावरही मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. वाटलं, पाटील बघेल.

त्यानं बघितलं.

धुणं झालं. टायरखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. पाटील ओल्या सीटवर टॉवेल टाकून बसला आणि त्यानं खरी चावी फिरवली.

टिक.

परत फिरवली. तेवढंही नाही. मीटरवरचे दिवे विझले.

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा ट्रॅक्टर जागचा हलला नाही. पाटलीणबाई म्हणाल्या, "म्या म्हनलं नवतं? हात लागलाच होता." आणि सगळ्यांची मान माझ्याकडे वळली. पाइपाकडे कोणाचीच वळली नाही. पाइप तिथंच पडला होता, त्यातून पाणी गळत होतं.

मॅनेजर मला गोडाऊनच्या मागे घेऊन गेले. माणूस वाईट नाही. घामाघूम झाला होता. "क्या हुआ होंगा?"

मी सांगितलं. पाणी फ्यूज बॉक्समध्ये गेलं, स्विचमध्ये गेलं. बॅटरी काढायची, हवा मारायची, कनेक्शन सुकवायची, फ्यूज बदलायचा. थोड्या वेळाचं काम आहे.

त्यांचा जीव भांड्यात पडला. "तो ऐसा कर बेटी. मैं गाडी पीछे लेता. तू चुपचाप ठीक कर दे. हम बोलेंगे अन्ना ने करा." अन्ना म्हणजे आमचे जुने मेकॅनिक. "और एक बार सामने आके बोल दे, वायरिंग में मेरी गलती हुई, माफ करो. कस्टमर खुश, तू भी खुश. क्या जाता तेरा?"

क्या जाता तेरा.

सांगायला काही जड नव्हतं. दोन वाक्यं. मागे काम माझं, पुढे नाव दुसऱ्याचं. मागे हात माझा, पुढे चूकही माझी. माझी आई आयुष्यभर तशीच राहिली. पाटलाच्या अंगणात शेण-सडा करायची आणि उंबरठ्याच्या बाहेर उभी राहून भाकर घ्यायची. मी डिप्लोमा करून, खाकी ड्रेस घालून, तेच करायचं होतं. फक्त शेणाऐवजी ग्रीस.

आणि मला मडगार्ड आठवलं. चालू इंजिन आणि पुढे बघत बसलेला ड्रायव्हर. या वेळी उतरायचं नाही.

मी म्हटलं, "दुरुस्त करते सर. पण मागे नाही. इथंच, अंगणात. त्यांच्यासमोर, माझ्या हातानं. आणि माफी मागणार नाही."

"बेटी, जिद मत कर."

"नाही तर करत नाही."

ते अंगणात गेले. बोलले असतील काहीतरी. पाटलाचा आवाज मला गोडाऊनपर्यंत ऐकू आला. "तिचा हात लागनार असन त ट्रॅक्टर इथंच सडू द्या!"

मग अन्नांना बोलावलं. त्यांनी पॅनेल उघडलं, बॅटरी काढली, हवा मारली. पॅनेलमधून पाण्याचे थेंब उडाले ते पाटलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले. अन्नांनी सगळं बघितलं, त्यांना सगळं कळलं आणि ते काही बोलले नाहीत. ट्रॅक्टर सुरू झाला. टाळ्या वाजल्या. पाटलानं अन्नांच्या खांद्यावर मानाचा नवा टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. अन्ना माझ्याजवळून गेले तेव्हा तो टॉवेल त्यांनी खांद्यावरून काढून मुठीत चुरगाळला होता. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

मी घरी फोन लावला. गावाच्या वेशीवर नव्या ट्रॅक्टरसमोर बाबाच वाजवणार होते, हे मला माहीत होतं.

"बाबा, पाटलाचा ट्रॅक्टर येऊन राह्यला. वाजवू नका."

"काऊन?"

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तू घरी ये." फोन ठेवला.

बाबांनी वाजवलं. मी संध्याकाळच्या बसनं गावात उतरले तर वेशीपासून पाटलाच्या दारापर्यंत गुलाल पडलेला. बाबा ओट्यावर बसलेले, डफडं खुंटीला. मी चप्पलही काढली नाही.

"वाजवलं तुमी?"

"वाजवलं."

"सांगूनबी?"

"पाटलानं वेशीवरच गाठलं मले. म्हने, पोरगी लय बोलून राह्यली. तू वाजव, नाचव, मी मॅनेजरले फोन करतो. पोरीनं उद्या येऊन माफी मागावी, तिचं सर्टिफिकेट भेटन." बाबांनी वर बघितलं. "तुह्या कागदासाठी वाजवलं, माय. माह्या हौसेसाठी नाई."

मला बाबांचा राग आला नाही असं म्हणणार नाही. खूप आला. आणि त्यांच्या हातांकडे बघून रडूही आलं. दोन्ही एकदमच. त्या हातांनी माझ्यासाठी माझाच अपमान वाजवला होता. पाटलाची हुशारी तिथं होती. त्यानं मुलीला गप्प करायला बापालाच लावलं आणि वर त्याला उपकार म्हटलं.

"असा कागद मले नको, बाबा."

"तीन वर्सं गेली तुही."

"अजून जातीन. असा नको."

आईनं भाकर वाढली. आम्ही तिघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी शोरूममध्ये गेले ते खाकी ड्रेस धुऊन, घडी करून, पिशवीत घालून. मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "एक सॉरी का सवाल है, बेटी." मी म्हटलं, "सॉरी लागतंय सर. पण ते माझ्याकडून नाही." आणि बाहेर आले.

कॉलेजात आमच्या विभागाच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "केस वगैरे करू नको, अम्मा. करिअर आहे तुझं." मी केसचा शब्द काढलाच नव्हता. त्यांनीच काढला. त्यांना कळत होतं की जे झालं त्याला कायद्यात नाव आहे, आणि तरी ते मला करिअर शिकवत होते. मी म्हटलं, "आठवण केली ते बरं झालं, सर." त्याच दिवशी मी ठाण्यात जाऊन तक्रार दिली. बाबा सोबत आले. साक्षीला शोरूममधलं कोणी उभं राहिलं नाही. सगळे म्हणाले, आम्ही पूजेत होतो. पाटील अजून निरोप धाडतो, मिटवून टाक म्हणून. मी मिटवलेलं नाही.

ट्रेनिंग पहिल्यापासून परत करावं लागलं. माझ्यासोबतचे पास होऊन हैदराबादला गेले. मी मंचेरियलला गेले, कोळशाच्या लॉऱ्यांच्या एका गॅरेजात. तिथं पहिल्याच दिवशी मालकानं गाव विचारलं. मी गाव सांगितलं, वाडा सांगितला, जातही सांगितली. त्यानं विचारली नव्हती. मी म्हटलं, "नंतर कळून पाइप आणण्यापेक्षा आताच ऐका." तो गोंधळला. मग म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवायला येतो का?" मी म्हटलं येतो. तिथं कोळशाच्या धुरळ्यात मी शिकले ते शोरूममध्ये शिकले नसते.

मग तोंडी परीक्षा. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक आणि शेजारी आमचे विभागाचे सर. परीक्षकांनी तेलुगूत विचारलं, नवीन गाडी आहे, बॅटरी चांगली आहे, चावी फिरवली तर फक्त टिक आवाज येतो आणि दिवे जातात. कारणं सांग.

साधा प्रश्न. वर्गातला प्रत्येक मुलगा हा पाठ करतो. मी सुरुवात केली. सैल टर्मिनल. खराब अर्थिंग. जळलेला फ्यूज. रिले. आणि मग म्हटलं, "पाणी."

"पावसाचं?"

"नाही सर. पाइपाचं."

"वॉशिंगवाल्यानं निष्काळजीपणा केला तर?"

"नाही सर. त्यानं मुद्दाम मारलं. गाडी स्वच्छ होती. तिला माझा हात लागला होता, तो धुऊन काढायला मारलं. मी मांगाची पोरगी आहे."

तेलुगूत सुरू केलेलं वाक्य मी मराठीत संपवलं होतं. आदिलाबादला मराठी सगळ्यांनाच कळतं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. आमचे सर तो पंखा पहिल्यांदाच बघावा तसा बघत होते.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे सिलॅबसमध्ये नाही, अम्मा."

"सिलॅबसमध्ये नाही सर. गावात आहे."

दसऱ्याच्या अंगणात मी फ्यूज बॉक्सबद्दल बोलले होते. या वेळी माझ्याबद्दल बोलले. गुण किती द्यायचे ते त्यांनी ठरवलं. मी पास झाले. जास्त देतो म्हणाले असते तरी वाक्य तेच राहिलं असतं.

आता आमच्या गावच्या फाट्यावर पत्र्याचं शेड उभं राहतंय. गावातून आदिलाबादला जाणारं प्रत्येक चाक त्या फाट्यावरून जातं. पाटलाचंही. बोर्ड रंगवायला दिलाय. त्यावर माझं नाव, ट्रॅक्टर दुरुस्ती, आणि खाली मोठ्या अक्षरात मांगवाडा. पेंटर म्हणाला, "ताई, गावाचं नाव लिहा ना, वाड्याचं कशाले?" मी म्हटलं, लिही. मला कोणी ओळखून काढायची गरज नाही. मी आधीच सांगून बसणार आहे. हात धुवायला केरोसिनचा डबा एकच असेल. गाड्या धुवायला पाइप असेल, आणि तो माझ्या हातात असेल.

बाबांनी परवा हळूच विचारलं, "पयल्या दिवशी मी वाजवू काय?"

मी म्हटलं, "नाही बाबा. वाजवायला नोका येऊ. खुर्ची टाकते, बसायला या."

पाटलाचा ट्रॅक्टर बंद पडणार. मशीन आहे, आज ना उद्या पडतंच. फाट्यावरच पडेल असं नाही, पण पडला तर मी पुढे होईन. मडगार्डवर चढून, पॅनेल उघडून, सगळ्यांसमोर. दुरुस्त करीन, नीट करीन. त्यानंतर त्याला पाण्याचा एक थेंब लावू देणार नाही. आणि ज्याला माझा हात चालत नाही, त्यानं ट्रॅक्टर आदिलाबादपर्यंत ढकलत न्यावा.